काळी पेटी आणि खतीजाची सात गावं

खतीजा मणेरीण राहायची लोणावळ्याच्या बाजारपेठेत, पण तिचं राज्य होतं मळवली स्टेशनापलीकडच्या सात गावांत. सकाळच्या गाडीनं मळवलीला उतरायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बांगड्यांची पाटी, आणि डोंगराच्या पायथ्यानं एकेक गाव घेत निघायचं. तिच्या सासूनं हीच गावं केली, सासूच्या सासूनंही हीच. दुसऱ्या कुठल्या कासारानं त्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज होता. तो कागदावर कुठं लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा सगळे पाळत.

बाई बुटकी, आवाजानं दणदणीत. तिचा नवरा कादर बाजारात बांगड्यांचंच छोटं दुकान चालवायचा, आणि तो दिवसभरात जेवढं बोलायचा तेवढं ही एक बांगडी चढवताना बोलायची. पण हात मोठा हलका. बाईचा पंजा दाबून दाबून मऊ करायची आणि इवलीशी बांगडी अशी सरकवायची की जिचा हात तिलाच कळू नये. हात तिच्या हातात असेपर्यंत बाया मनातलं सगळं ओतून मोकळ्या होत. कुणाची सासू अंथरुणाला खिळली, कुणाच्या लेकीचं जमत आलंय, सातही गावांची खबर तिच्या पाटीत असायची. आणि पंचांग तर तिच्याइतकं गावच्या भटजीलाही पाठ नसेल. धंदाच तसा होता. नागपंचमी कधी, हरतालिका कधी, कुणाचं डोहाळजेवण कधी, हे चुकलं तर मणेरणीनं खायचं काय?

अशा ह्या खतीजाला, तिसाच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, निवडणुकीचं वेड लागलं.

झालं असं की, करंजवाडीचे हौशीराम लोकल बोर्डाचे मेंबर होते, ते दिवाळीनंतर तापानं गेले. जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली. गावच्या कोंडाजी पाटलांनी नवा फेटा रंगवून आणला. त्यांच्यासमोर उभं राहणार तरी कोण? आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी हौशीरामची विधवा, रतनबाई, बैलगाडीतून वडगावच्या कचेरीत गेली आणि अर्ज भरून परत आली. सगळं गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं.

रतनबाईचं म्हणणं एवढंच होतं. मळवलीपासून करंजवाडीपर्यंतचा रस्ता तिच्या नवऱ्यानं बोर्डाकडून मंजूर करून घेतला होता, अर्ध्या वाटेवर खडीही पडली होती. कोंडाजी पाटलांचा बेत होता तो रस्ता मधूनच वळवून आपल्या भातखाचरांकडं न्यायचा. तो रस्ता मी पुरा करणार, असं ती म्हणाली. याहून मोठं भाषण तिनं शेवटपर्यंत केलं नाही.

खतीजाला तेवढं पुरेसं होतं. पावसाळ्यात त्या निसरड्या वाटेवरून डोक्यावर काच घेऊन चालणं काय असतं, हे घोड्यावर बसणाऱ्या पाटलाला काय ठाऊक? एकदा पाय सरकला की आठवड्याची कमाई चिखलात चकाकत पडायची. ती ज्या दारात जाईल तिथं रतनवैनींचं नाव घेऊ लागली. स्वतः तिला मत नव्हतं. त्या काळी मत असायचं जमिनीचा सारा भरणाऱ्याला, आणि त्या खेपेला अशा खातेदारांच्या बायकांना, विधवांनाही ते मिळालं होतं. खतीजाच्या नावावर जमीन म्हणावी तर पायाखालचीसुद्धा नव्हती. जिला मत नाही तीच दारोदार मतं मागत फिरतेय, असं लोक हसायचे. ती म्हणायची, वरातीत नाचणारे सगळे नवरदेवच असतात काय?

मग एक दिवस ती पाटलाच्या वाड्यावर बांगड्या भरायला गेली. पाटलीणबाई धोंडाबाई हात पुढं करून बसल्या होत्या, भोवती चारपाच लेकीसुना. धोंडाबाईंनी शांतपणे विचारलं, तू म्हणे रतनीसाठी फिरतेस. खतीजानं होय म्हटलं. खोटं बोलणं तिला जमायचं नाही.

"आन् पडली मंग?" धोंडाबाई म्हणाल्या.

इथं गप्प बसली असती तर ती खतीजा कसली. "पडली तर ह्या सात गावांत पुन्यांदा पाटी घिऊन येनार न्हाई," ती म्हणाली. "तुमी खुशाल दुसरा कासार आना."

बोलून गेली आणि हातातली बांगडी टचकन फुटली. धोंडाबाई गालात हसल्या. तळेगावाकडचा एक कासार त्यांच्या माहेरच्या ओळखीचा होताच. उलट बाजूनं त्यांनी पैजेला काही लावलं नाही, आणि खतीजालाही मागायचं सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत ती पैज सातही गावांना कळली आणि रातच्या गाडीनं लोणावळ्यालाही पोचली. कादरनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाला, "आईची गावं होती ती." खतीजाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यात पेट्यांची चिठ्ठी निघाली. पुष्कळांना लिहितावाचता येत नसे, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळ्या रंगाची असायची. पडद्याआड जायचं आणि हातातला कागद आपल्या रंगाच्या पेटीत टाकायचा. कोंडाजी पाटलांना निघाली पिवळी, हळदीसारखी. आणि रतनबाईला काळीकुट्ट.

पाटलाच्या माणसांना उकळ्या फुटल्या. उभी राहिली कोण तर विधवा, आणि तिची पेटी काळी. कुठली सवाष्ण त्या पेटीला हात लावणार? खतीजाच्या हक्काच्या बायासुद्धा नजर चुकवायला लागल्या. रस्ता पाहिजे गं बाई, पण काळ्या पेटीत कशी टाकू, माझा धनी तालमीत जातो, माझा पोरगा मिलिटरीत आहे. खतीजा दोन दिवस पाटी घेऊन हिंडली आणि दोन्ही दिवस तोंड पाडून परत आली.

तिसऱ्या दिवशी मळवलीच्या फलाटावर उतरता उतरता तिला एक नवी लग्न झालेली मुलगी दिसली, काळी चंद्रकळा नेसून माहेराहून सासरी निघालेली. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालणार, आणि मतदान होतं रथसप्तमीच्या दोन दिवस आधी. खतीजा फलाटावरच थबकली आणि मग मोठ्यानं हसली. हातच्या काकणाला आरसा कशाला? वर्षभर नाक मुरडलेला काळा रंग ह्याच दिवसांत सवाष्णी हौसेनं मिरवतात, आणि हे सांगायला पंचांग पाठ असलेली बाई दोन दिवस रडत काय बसली होती!

त्या दिवसापासून तिच्या पायांना चाकं लागली. पहिल्याच ओट्यावर, बाया जमल्याबरोबर, तिनं पाटी खाली ठेवली.

"गळ्यातली पोत कुनच्या मन्यांची गं तुमची? काळ्याच ना?" ती म्हणाली. "पोराच्या गालाला तीट लावता ती काळी. भात पिकतो ती माय काळी. संक्रांतीचं सुगड पुजता त्ये बी काळंच. मंग ह्या पेटीनंच तुमचं काय घोडं मारलंय? सुगडच समजा की तिला."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीला हसू फुटलं, मग सगळ्याच हसल्या. गोष्ट एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर गेली. काळी पेटी म्हणजे संक्रांतीचं सुगड. विहिरीवर तेच, गिरणीवर तेच. खतीजाला चालताना जमीन लागत नव्हती. पाटलाच्या वाड्यावरच्या उकळ्या थंडावल्या आणि तिथं नवीनच शिजायला लागलं. मतदानाच्या सकाळी धोंडाबाईंनी शाळेसमोरच्या देवळात मोठं हळदीकुंकू ठेवलं. येईल त्या सवाष्णीला हळदीची बोटं, कुंकवाची बोटं, वाण म्हणून आरसा, आणि कानात एकच शब्द, पिवळी. ही बाईसुद्धा काही कमी नव्हती, हे खतीजाला मनातल्या मनात मानावं लागलं.

मतदान शाळेत झालं, पुरुषांची खोली वेगळी, बायकांची वेगळी. खतीजा कुंपणाबाहेर चिंचेखाली बसून राहिली. सकाळपासून लुगड्यांचा नुसता पूर लोटला होता. देवळात हळदीकुंकू घ्यायचं, एकमेकींना लावायचं आणि ओल्या बोटांनी तशीच शाळेत वर्दी द्यायची. चंद्रकळा किती आणि पिवळी लुगडी किती हे मोजता मोजता तिचे डोळे भिरभिरले. बाहेर आलेल्या बाया हळूच तिच्याकडं बघून मान हलवत, आणि तिला वाटे आत्ता उठून नाचावं. उन्हं चढली, सवाष्णी पांगल्या. मग मोकळ्या कपाळाच्या काही बाया पदर ओढून शाळेच्या मागच्या वाटेनं आल्या, कागद टाकून आल्या तशा निघूनही गेल्या. खतीजाची नजर त्यांच्यावरून सरळ निघून गेली. तिच्या धंद्यात त्या बाया नव्हत्याच. नवरा गेला की त्या दारी पाटी उतरायची बंद व्हायची, आणि मत मागायलाही ती एकीकडंही गेली नव्हती. तिची चूक म्हणा, पण ती एकटीची नव्हती. धोंडाबाईंनीही त्यांना बोलावलं नव्हतं.

मोजणी वडगावच्या कचेरीत, दुसऱ्या दिवशी. उमेदवारासोबत एक माणूस आत बसू शकत होता. रतनबाईच्या दिराला वाटलं आपली वर्णी लागणार. रतनबाई म्हणाली, खतीजा येईल. त्यावर दीर फुगून बसला.

मोजणारे साहेब पुण्याहून आलेले, पिकल्या मिशांचे, बोलायला कमी. पलीकडं कोंडाजी पाटील आणि त्यांचे वकील. आधी पुरुषांच्या पेट्या फोडल्या. कोंडाजी पुढं निघाले, पण फार नाही. मग बायकांच्या पेट्या समोर आल्या आणि सगळे क्षणभर बघतच राहिले. काळ्या पेटीला हळदीकुंकवाची बोटं लागलेली, वर तीळ चिकटलेले, फटीत गुळाचा खडा अडकलेला. बायांनी खरोखरीच तिची सुगडासारखी पूजा केली होती. पिवळीवरही बोटं होती, जरा कमी.

कागद बाहेर पडू लागले. काळीचा ढीग वाढत गेला, वाढतच गेला. पुरुषांतली पिछाडी भरून निघाली, वर चांगली आघाडी दिसायला लागली. खतीजानं रतनबाईचा हात धरला आणि नकळत तिचा पंजा दाबायला लागली, बांगडी भरायच्या सवयीनं. रतनबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. जिंकलो, खतीजा मनाशी म्हणाली, सातही गावं आपली.

तेवढ्यात वकील उभे राहिले. त्यांनी ढिगातला एक कागद दोन बोटांत धरून साहेबांसमोर केला. कागदावर कुंकवाचा ठसठशीत ठसा होता. दुसरा उचलला, त्यावर हळद. नियम असा, की मतपत्रिकेवर मतदारानं कसलीही खूण केलेली असेल तर ती बाद. वकिलांनी तो नियम पुस्तकातून वाचून दाखवला, आणि पुढं असंही सांगितलं की हा प्रकार सहज झालेला नाही. समोर बसलेल्या ह्या मणेरणीनं गावोगाव पेटीला सुगड म्हणून पुजायला लावलं, सात गावं साक्ष देतील.

खतीजाच्या तोंडचं पाणी पळालं. ते खोटं नव्हतं. सुगड हा शब्द तिचाच होता. साहेबांनी विचारलं तेव्हा तिला होयच म्हणावं लागलं. तिनं आपल्याच हातांनी रतनबाईचा ढीग बाद करून ठेवला होता.

साहेबांनी पुस्तक दोनदा वाचलं, चष्मा पुसला. म्हणाले, नियम आहे तो आहे. पण बाद करायचे तर दोन्ही पेट्यांतले डागाळलेले कागद बाद होतील. वकिलांनी मोठ्या आनंदानं मान तुकवली. त्यांना हेच हवं होतं. बायकांची मतं दोन्हीकडची गेली की उरली पुरुषांची, आणि पुरुषांत पाटील पुढं होते. कोंडाजींनी खिडकीतून बाहेर हात केला. अंगणात ताशा कडाडला आणि कुणीतरी गुलालाची पोतडी सोडली. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग.

दोघे कारकून कागद निवडायला बसले. डागाळलेले एका टोपलीत, स्वच्छ टेबलावर. टोपली भरत चालली तशी खतीजा खचत गेली. तिला तळेगावचा कासार दिसत होता, आपल्या वाटेनं चाललेला. कादरला तोंड कसं दाखवायचं? सासूच्या कबरीवर फूल ठेवायला कुठल्या तोंडानं जायचं?

"ऱ्हाऊ दे, खतीजा," रतनबाई हळूच म्हणाली. त्या दोन शब्दांनी खतीजाला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिवळ्या पेटीतून टेबलावर आलेले कागद बोटांवर मोजण्याइतके. कारकुनानं काळीचे निवडायला घेतले. एक टोपलीत, एक टोपलीत, मग एक टेबलावर. पुन्हा टेबलावर. पुन्हा. टेबलावरचा गठ्ठा दिसण्याजोगा झाला तसा कारकून थांबला आणि म्हणाला, "साहेब, हे कोरे निघतायत."

वकील झटक्यानं उठले. त्यांचा सूर बदलला होता. सगळ्या बायकांच्या बोटांना हळदीकुंकू होतं, मग ह्यांचेच हात कोरडे कसे? हे कागद मागाहून कुणीतरी घुसडले आहेत, ह्यांची चौकशी व्हावी. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिले. शिक्के बरोबर होते. तरी त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि त्यांनी खोलीभर नजर फिरवत विचारलं, की ह्याचा खुलासा कुणाकडं आहे का.

खतीजा त्या कोऱ्या कागदांकडं बघत होती. शाळेमागची वाट तिला दिसली, ओढलेले पदर दिसले. ती उठून उभी राहिली, आणि साहेबासमोर बोलायचं म्हणून तिनं लोणावळ्याच्या बाजारातली शुद्ध भाषा काढली.

"साहेब, त्या विधवा आहेत," ती म्हणाली. "त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नव्हतं."

कोंडाजी पाटील जमिनीकडं बघायला लागले, कारण त्यांची सख्खी चुलती त्यांत होती. बाहेर ताशा चालूच होता. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घट्ट बसवला आणि कारकुनाला म्हणाले, मोजा.

मोजले. वकिलांच्या आग्रहावरून पुन्हा मोजले. पुरुषांतली कोंडाजींची आघाडी त्या गठ्ठ्यानं खाऊन टाकली आणि वर काही कागद उरले. फार नाही, पण मेंबर व्हायला पुरे. साहेबांनी नाव पुकारलं, रतनबाई हौशीराम. खतीजानं अशी आरोळी ठोकली की अंगणातला ताशेवाला चुकला. पाटलांचीच माणसं जिंकली असं समजून त्यानं दुप्पट जोरात बडवायला सुरुवात केली, आणि त्याच्या तालावर रतनबाईची बैलगाडी कचेरीतून बाहेर पडली. पाटलाच्या पैशाचा गुलाल खतीजाच्या केसांत, बैलांच्या शिंगांवर, सगळीकडं उडाला. मळवलीपर्यंत माणसं गाडीमागं धावत होती. खतीजा गाडीत उभी राहून ओरडत होती, आवाज बसला तरी ओरडत होती. फुगलेला दीरही शेवटी गाडीवर चढला आणि तिच्या शेजारी नाचला.

करंजवाडीच्या वेशीवर बाया आरत्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागं, जरा अंतरावर, त्या दुसऱ्या बाया होत्या. ओवाळायला त्यांना पुढं येता येत नव्हतं. रतनबाई गाडीतून उतरली आणि आरत्यांच्या बाजूनं सरळ त्यांच्यात जाऊन उभी राहिली. खतीजा मात्र गाडीतच थांबली. एवढ्या वर्षांत त्यांच्यातल्या अर्ध्या बायांची नावंही तिनं धरून ठेवली नव्हती, आणि त्या क्षणी तिला खाली उतरायची लाज वाटली.

रथसप्तमी झाली आणि पाटी पुन्हा सात गावांत निघाली. पण त्या दिवशी खतीजा नेहमीच्या ओट्यावर टेकली नाही. ती गेली थेट करंजवाडीच्या टोकाला, कस्तुराबाईंच्या दारी. कोंडाजीची चुलती ती हीच. ऐन तारुण्यात नवरा गेला होता. म्हातारी दारात तांदूळ पाखडत होती. खतीजानं पाटी बाहेर कुंपणापाशी उतरवली आणि नुसतीच आत गेली.

"मावशी, मी तुमच्याकडं मत मागायलाबी आले न्हाई," ती म्हणाली.

"कुनीच आलं न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "म्हनून आमी कुनाला न इचारता गेलो."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि कुंपणाकडं बघितलं. पाटी बाहेर का ठेवलीस, म्हणाल्या, आण इकडं. खतीजा घुटमळली. कस्तुराबाईंनी स्वतःच उठून पाटीवरचं फडकं सारलं. मग खाली बसून एकेक बांगडी उचलून त्या उन्हात धरू लागल्या. घालायची नव्हती, नुसती बघायची होती. खतीजानं घाई केली नाही. समोरच्या ओट्यावर बाया हात पुढं करून ताटकळत होत्या, त्यांना तिनं थांबायला सांगितलं.

"ही मोरपंखी आमच्या टायमाला न्हवती," कस्तुराबाई म्हणाल्या, आणि ती बांगडी बराच वेळ त्यांच्या हातात राहिली.